रतनगडाचा कडा आणि दीड तासाचं ऊन: दृक्प्रत्ययवादी पद्धतीने डोंगर कसा रंगवावा

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसहा. रतनवाडीत भातखाचराच्या बांधावर ईझल लावलं होतं. समोर नैर्ऋत्येला सह्याद्रीतला रतनगड किल्ला, अजून निळसर करडा. आदल्या वर्षी याच जागेवरून कडा उन्हात तांबूस झालेला पाहिला होता, तो डोक्यात पक्का बसलेला. हात शिवशिवत होते, म्हणून बसल्या बसल्या कड्याच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पिवळसर ऊन रंगवून मोकळा झालो. बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. बोर्डाकडे बघितलं, गडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाबा, उन्हं कुठं आलीत अजून कड्याला? आधी वरल्या टोकाला लागत्यात, मंग उतरत्यात खाली."

चिंधीने पिवळं पुसून काढलं आणि गुपचूप बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी खरोखरच माथ्यावर उन्हाची एक बारीक पट्टी उमटली आणि हळूहळू खाली सरकू लागली. मी आठवणीतला डोंगर रंगवत होतो, आजी समोरचा बघत होत्या. या पद्धतीत नव्वद टक्के चुका इथेच होतात, म्हणून सुरुवात या फजितीपासून केली.

"इम्प्रेशनिस्टिक" म्हटलं की आपल्याकडे पुसट, फटकाऱ्यांचं, लांबून बरं दिसणारं चित्र असा समज आहे. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने ल हाव्र बंदरातली एक सकाळ १८७२ साली रंगवली. १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती पाहून लुई लरॉय या समीक्षकाने चित्राच्या नावातल्या "इम्प्रेशन" या शब्दावरून थट्टा केली आणि थट्टेचंच नाव झालं. मराठीत आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो, आणि हा शब्द मला मूळ नावापेक्षा चोख वाटतो, कारण डोळ्याला त्या घटकेला आलेला प्रत्यय त्यात आहे. तो प्रत्यय नेमका पकडायचा तर निरीक्षण ढिलं चालत नाही, उलट जास्त कडक लागतं. १८९५च्या हिवाळ्यात मोने नॉर्वेला गेला आणि सांद्विकाजवळून दिसणारा कोल्सॉस हा एकच डोंगर त्याने डझनभर वेळा रंगवला. डोंगर तोच, बर्फ तेच. बदलत होता तो प्रकाश आणि मधली हवा.

आता कामाला लागू. मी तैलरंगाची पद्धत सांगतो आहे. ॲक्रिलिकवाल्यांसाठी मधे मधे सूचना येतील. जलरंगाचं तंत्र निराळं आहे, त्यात पांढरा कागद राखावा लागतो, त्यामुळे पुढची बरीच पावलं तिथे उलटी पडतात.

आधी मूड ठरवा, मग ट्यूब उघडा

मूड रंगातून येतो असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की तो आधी टोनमधून येतो, म्हणजे चित्रातलं सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांच्यातल्या अंतरातून. मनातल्या मनात १ ते १० अशी पट्टी धरा. १ म्हणजे कोरा पांढरा, १० म्हणजे काळा. श्रावणातला ढगात बुडालेला सह्याद्री बहुतेक ३ ते ६ मध्येच असतो. त्यात ८ किंवा ९चा एक फटकारा मारलात की पाऊस संपला. ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी पट्टी जवळजवळ पूर्ण उघडते: आकाश २, जवळच्या झाडाखालची सावली ८. वैशाखात पुन्हा ती आकसते, २ ते ५, पण आता ऊबदार रंगात.

वैशाखाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण पुस्तकी शिकवण इथे आपल्याला फसवते. दूरचं ते निळं, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. हवेतले सूक्ष्म रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून स्वच्छ हवेत लांबच्या डोंगरावर निळा पडदा चढतो, हे खरं. पण एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, वणव्यांचा धूर असतो. हे कण मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात. त्यामुळे लांबची रांग निळी न दिसता पांढुरकी, मातकट, कधी कधी चक्क गुलाबीसर दिसते. अशा दिवशी सवयीने निळा लावला की चित्रातला उन्हाळा गेलाच म्हणून समजा.

तेव्हा जागेवर पोचल्यावर पहिली वीस मिनिटं ब्रशला हात लावायचा नाही. वहीत काडेपेटीएवढे तीन-चार चौकोन आखा. प्रत्येकात फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, पेन्सिलचा मधला करडा, दाबून गडद. क्षितिज वर घेतलं तर जमीन मोठी होते, डोंगर मागे सरकतो. खाली घेतलं तर डोंगर अंगावर येतो. चौकोनातला तीन टोनांचा ठसा बघून "ही सकाळ आहे" असं वाटलं, तर तो निवडा. नाही वाटलं तर रंगांनी ते वाटायला लागेल, या आशेवर राहू नका.

सामान

फार नको. १० × १२ इंचाचा बोर्ड पुरे. तीन मिलिमीटर एमडीएफला (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, दोन हात आणि बारीक पॉलिश पेपर. यापेक्षा मोठं घेतलंत तर ऊन तुमच्यासाठी थांबणार नाही. हॉग हेअरचे फ्लॅट ब्रश ८, ६ आणि ४ नंबरचे, एक बारीक गोल ब्रश, एक पॅलेट नाइफ, भरपूर चिंध्या.

रंग: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब, तीच आधी संपते), कॅडमियम यलो, यलो ओकर, व्हर्मिलियन, अलिझारिन क्रिमझन, कोबाल्ट ब्लू, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन, बर्न्ट सिएना. मोनेने १९०५ साली आपली यादी सांगितली तेव्हा त्यात सहाच रंग होते आणि काळा त्यात नव्हता. आपल्या नऊमध्येही नाही. सॅप ग्रीनची ट्यूब मात्र घरी ठेवून या. आपल्याकडे विद्यार्थ्यांची अर्धीअधिक निसर्गचित्रं त्या एका ट्यूबने सारखीच हिरवी करून टाकली आहेत.

ट्यूबवरून आठवलं. पिळून बंद करता येणारी कथलाची ट्यूब जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली पेटंट केली. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून नेत. उघड्यावर बसून तैलरंगात काम करणं पुढच्या पिढीला सोपं झालं, त्यात या ट्यूबचा वाटा मोठा आहे.

बोर्डाला रंग

कोऱ्या पांढऱ्यावर सुरुवात करू नका. आदल्या दिवशी घरी बर्न्ट सिएना टर्पेंटाइनने पातळ करून बोर्डावर फिरवा आणि चिंधीने पुसा. गेरूने सारवल्यासारखा फिकट तांबूस राहिला पाहिजे. याचे दोन फायदे. पांढऱ्यावर कुठलाही रंग गडद वाटतो आणि आपण घाबरून सगळं फिकं करत जातो, ते टळतं. शिवाय फटकाऱ्यांच्या मधल्या फटीतून हा तांबूस डोकावतो आणि डोंगराच्या निळ्या-हिरव्याला जिवंत ठेवतो. पावसाळी चित्रासाठी मी तांबूसऐवजी करडा वापरतो, नाहीतर ओल्या दिवसात उगाच ऊब शिरते.

रेषा: सहा, फार तर सात

पातळ अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणाने, ब्रशनेच. आकाश आणि डोंगर यांची कड, मधल्या सोंडेची (डोंगरातून पुढे उतरत आलेल्या धारेची) कड, पायथा, खाचरांची रेघ. बास.

कड काढताना एक काळजी घ्या. आपले हात लहानपणापासून त्रिकोणी डोंगर काढतात: दोन शिखरं, मधून सूर्य. सह्याद्री असा नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे पठार झालं. भूगर्भशास्त्रात याला "ट्रॅप" म्हणतात, तो शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. समोर बघा, जिनाच दिसेल: सपाट माथा, खाली उभा कातळ, मग गवताचा तिरका पदर, पुन्हा कातळ, पुन्हा पदर. रतनगडाला बाजूचा खुट्टा सुळका आहे आणि माथ्यावर नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आहे. नेढं लांबून दिसलंच तर एक ठिपका, त्याच्या मोहात पडायचं नाही. पण जिन्याच्या पायऱ्या चुकल्या तर कुठलाही रंग त्याला सह्याद्री करू शकत नाही.

याचा फटकाऱ्यांशी थेट संबंध आहे. कातळावर ब्रश आडवा, थराच्या दिशेने. पदरावर तिरका, उताराच्या दिशेने. आकाशात कुठल्याही एका दिशेने नाही. फ्रेंच चित्रकार सेझानने दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावाजवळचा सँत-व्हिक्तवार डोंगर तीसहून अधिक तैलचित्रांत रंगवला. त्यात ब्रशची दिशा प्रत्येक पृष्ठभागाचा कल सांगते. त्याचा डोंगर चुनखडीचा, आपला बेसॉल्टचा, म्हणून त्याचे फटकारे उचलायचे नाहीत, त्याची सवय उचलायची.

चार ढिगारे

आता पॅलेटवर चार रंग आधी मिसळून ठेवा: आकाश, दूरची रांग, गड, समोरचं खाचर. क्रम महत्त्वाचा. आधी सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा मिसळा, मधले आपोआप त्या दोघांच्या मधे बसवता येतात. एकेक सुटा मिसळत गेलात की तिसऱ्या रांगेपर्यंत सगळे सारखेच होतात.

त्या सकाळी माझे असे होते. आकाश: पांढरा, थोडा कोबाल्ट, खाली क्षितिजाकडे ओकरचा कण. दूरची रांग: पांढरा, कोबाल्ट, अलिझारिनचं बोट, आणि हे निळं फार गोड होऊ नये म्हणून ओकर. गडाचा सावलीतला कातळ: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, पांढरा. खाचर: कॅडमियम यलो, ओकर, किंचित व्हिरिडियन, आणि हिरव्याचा तोरा उतरवायला व्हर्मिलियनचं टोक. एका मिश्रणात पांढऱ्याखेरीज तीनच रंग, चौथा गेला की रंग मळायला लागतो. खाचरात मी तो नियम मोडला आहे, कारण चौथा नावापुरताच आहे.

तपासायला पत्त्याएवढ्या करड्या पुठ्ठ्याला चण्याएवढं भोक पाडा. एक डोळा मिटून भोकातून डोंगराचा तुकडा बघा, शेजारी नाइफवर मिसळलेला रंग धरा. पहिल्यांदा बघणारा दचकतो. "हिरवा" म्हणून मिसळलेलं झाड भोकातून जांभळट करडं निघतं.

ॲक्रिलिकवाल्यांनी हे ढिगारे ओल्या टिश्यूवर ठेवावेत, ऑक्टोबरच्या उन्हात ते मिनिटांत सुकतात. आणि ॲक्रिलिक सुकल्यावर थोडं गडद होतं, म्हणून टोनच्या पट्टीवर अर्धं घर उजळ मिसळा.

सावल्या आधी

रतनवाडीतून सकाळी सूर्य डाव्या खांद्यामागे असतो. म्हणजे प्रत्येक सोंडेची उजवी बाजू सावलीत. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, दीड तासात साडेबावीस. तेवढ्यात सावल्यांचे आकार पार बदलतात. म्हणून ८ नंबरच्या ब्रशने, पातळ रंगात, पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे सगळे आकार बोर्डावर ठोकून घ्या आणि नंतर त्यांना हलवू नका. साडेआठला डोंगर जास्त सुंदर दिसेल, हमखास दिसेल. दिसू दे. अर्धी सावली सातची आणि अर्धी साडेआठची असं चित्र बघणाऱ्याला का खटकतं ते त्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

सावलीचा रंग? निरभ्र आकाशाखाली निळसर, कारण सावलीवर उजेड पडतो तो आकाशाचाच. ढगाळ दिवशी उजेडच थंड असतो आणि सावली त्यामानाने ऊबदार वाटते. तेव्हा दिसेल त्या सावलीत जांभळा ओतण्याची जी साथ हल्ली आली आहे, तिच्यापासून जपा.

अडीच इंचाचा तुकडा

सगळं तंत्र एका तुकड्यात दाखवतो: माथ्याच्या खालचा सावलीतला कातळ, बोर्डावर जेमतेम अडीच इंच.

आधी तिथे पातळ करडा-निळा आहे, टोन ५. आता ६ नंबरचा ब्रश, रंग घट्ट, टर्पेंटाइन नाही. पहिला फटकारा अल्ट्रामरीन-सिएनाचा, आडवा, पाऊण इंच. दुसरा त्याच्या खाली, थोडा आखूड, अलिझारिन-ओकर-पांढऱ्याचा, म्हणजे विटकरी गुलाबी. तिसरा शेजारी, व्हिरिडियनमध्ये व्हर्मिलियन मारून केलेला मंद हिरवट. रंग तीन वेगळे, टोन तिन्हींचा ५च. मधे केसाएवढी फट, तिच्यातून बोर्डाचा तांबूस. ब्रश एकदा टेकवायचा, ओढायचा, उचलायचा. त्याच जागी परत फिरवला की तिन्ही रंग मिसळून चिखल होतो. दर दोन फटकाऱ्यांनी ब्रश चिंधीला पुसायचा.

डोळे बारीक करून बघा. फटकारे एकमेकांत विरून एकच सावली झाली, पण ती सावली थरथरते आहे, असं दिसलं तर जमलं. एखादा फटकारा वेगळा उठून दिसत असेल तर त्याचा रंग चुकलेला नाही, टोन चुकला आहे. तो नाइफने खरवडा आणि पुन्हा ठेवा.

हे का घडतं, याचं उत्तर चित्रकाराआधी एका रसायनशास्त्रज्ञाला सापडलं. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रवस्त्रं विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल रंगखात्याचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या धाग्याबद्दल तक्रार होती की तो कापडात फिका दिसतो. त्याने तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारचे रंग त्याला तसं दाखवत होते. १८३९ साली त्याने शेजारी रंगांच्या या परिणामावर ग्रंथच लिहिला. आपल्या कातळातला विटकरी फटकारा शेजारच्या हिरवटाला असाच उचलून धरतो.

फटकाऱ्यांची लांबी मात्र बदलती ठेवा. सगळे सारखे झाले की कडा न दिसता विटांची भिंत दिसते. माझे सुरुवातीचे डझनभर डोंगर अशा भिंतीच आहेत.

धुकं आणि आकाशाकडची कड

धुकं म्हणजे सुकत आलेल्या डोंगरावर पांढरा घासणं नव्हे. तसं केलं की खडूचा हात फिरल्यासारखं दिसतं. धुकं दरीत, खाली असतं. त्यामुळे डोंगर माथ्याशी गडद आणि पायथ्याशी फिका असतो. नवशिके नेमकं उलट करतात, डोंगर जमिनीवर घट्ट बसावा म्हणून पायथा गडद करतात. तुम्ही पहिल्या थरातच पायथ्याचा टोन ५वरून ४, मग ३ असा चढवत न्या, आणि पायथ्याची रेघ बोटाने पुसून टाका.

आकाशाकडची कड एकाच धारेची ठेवू नका. जिथे ऊन लागलं तिथे धारदार, एका हाताच्या ठाम फटकाऱ्याने. जिथे ढग टेकला तिथे आकाशाचा ओला रंग डोंगरात आणि डोंगराचा आकाशात ओढून हरवलेली. तीक्ष्ण कडा चित्रात एक-दोनच असाव्यात. बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते, तेव्हा त्या जागी काय दाखवायचं ते ठरवून मगच धार काढा. मी उन्हाची पट्टी ठेवली होती, आजींच्या सांगण्याप्रमाणे फक्त वरच्या टोकाला: कॅडमियम यलो, व्हर्मिलियन, पांढरा, घट्ट, नाइफने.

समोरचं खाचर

इथे आवरायचं. पिकायला आलेलं भात सुंदर असतंच, म्हणून लोंबी न् लोंबी रंगवावीशी वाटते. मोठा ब्रश, चार-सहा रुंद आडवे फटकारे, बांधाच्या एक-दोन गडद रेघा. बांधावर सोनकी फुललेली होती. तिचे शुद्ध कॅडमियम यलोचे पाच-सात ठिपके अगदी शेवटी, आणि मोजून. पंधरा झाले की हळदीकुंकवाचं ताट होतं.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान (मृत्यू १९३१) रंकाळ्याच्या परिसरात वर्षानुवर्षं रंगवत राहिले. समोर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे शिकायला त्यांची छोटी चित्रं प्रत्यक्ष पाहायला मिळाली तर सोडू नका. छापील प्रतीत ते कळत नाही.

थांबणं आणि घरी नेणं

दीड तास झाला की ब्रश खाली. फोनवर चित्राचा आणि देखाव्याचा कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा, टोन कुठे घसरला ते लगेच दिसतं. दुरुस्ती घरी, पंधरा मिनिटांच्या आत, तीही फक्त टोनची. घरी बसून झाडाला फांद्या काढू नयेत.

ओला बोर्ड एसटीतून न्यायचा तर त्याच मापाचा कोरा बोर्ड त्यावर समोरासमोर ठेवा, चार कोपऱ्यांत काडेपेटीच्या काड्यांचे तुकडे, आणि बाहेरून मोठ्या क्लिपा. काड्यांचे चार ठसे कोपऱ्यात उमटतात, ते फ्रेमखाली झाकले जातात.

तैलरंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो, पाण्यासारखा उडून जात नाही. दमट दिवसांत त्याला वेळ लागतो, म्हणून बंद कपाटात न कोंडता हवेशीर, उजेडाच्या खोलीत ठेवा. पातळ थर असेल तर वॉर्निश सहा महिन्यांनी, कातळावर जाड रंग असेल तर वर्षाने.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका. तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवा. उरलेलं टर्पेंटाइन बाटलीत भरून परत आणा, खाचराच्या पाण्यात ओतू नका.